मातीवरील चिमुकल्या मोटारींची शर्यत

खेळण्यांतल्या मोटारींची शर्यत म्हणजे पोरखेळ, अशी आमचीहि कालपरवांपर्यंत समजूत होती. गेल्या उन्हाळ्यांत चिरंजीवांकडे कॅलिफोर्नियांत तीन महिने राहण्याचा योग आला आणि आमच्या दहा वर्षांच्या नातवानें ती समजूत पार पुसून टाकली. तेथें जें पाहिलें, आणि विशेषतः जें आमच्या हातून चुकलें, तें या छंदाकडे वळणाऱ्या मुलांच्या वडीलमंडळींस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आधीं या खेळाचें कूळ थोडक्यांत सांगतों. रेडिओच्या लहरींनीं दुरून चालविण्याची, खाचखळग्यांतून धावणारी ‘रफ रायडर’ ही गाडी जपानच्या तामिया कंपनीनें १९७९ सालीं काढली. केवळ शर्यतीकडे नजर ठेवून घडविलेली ‘आरसी १०’ ही गाडी अमेरिकेंतील असोसिएटेड कंपनीनें १९८४ सालीं विक्रीस आणली, आणि पुढच्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील डेल मार येथें या प्रकारची पहिली जागतिक स्पर्धा भरली. १९८७ सालीं इंग्लंडमध्यें मासामी हिरोसाका हा जपानी तरुण वयाच्या १७ व्या वर्षीं जगज्जेता ठरला. त्यानें पुढें एकंदर १४ जागतिक अजिंक्यपदें मिळविलीं. पोरखेळ म्हणणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुरे.

नवशिक्यानें खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाची, मागील दोनच चाकांस गति देणारी, विजेची गाडी घ्यावी. वजन सुमारें दीड किलो. हातांतल्या यंत्रास बंदुकीसारखा चाप असतो व बाजूस लहानसें चाक असतें. चाप ओढला कीं वेग, पुढें ढकलला कीं ब्रेक. चाक फिरवावें तसें गाडीचें तोंड वळतें. ऐकावयास हें सोपें आहे. पण गाडी दूर जात असतां आपलें उजवें तें तिचें उजवें. तीच तोंड फिरवून आपल्याकडे येऊं लागली कीं सारें उलटें! भल्याभल्यांची मति येथें गुंग होते. यावर उपाय असा: मोकळ्या मैदानांत दहा पावलांच्या अंतरानें दोन चपला ठेवाव्या आणि त्यांभोंवतीं इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणें गाडी सावकाश फिरवीत राहावें. आपल्याकडील मुरमाड पटांगण याला उत्तम. दोनतीन आठवड्यांत हात आपोआप वळूं लागतो.

आतां आमच्या चुकीविषयीं. मोटरच्या गुंडाळीचे वेढे जितके कमी, तितका वेग अधिक. दुकानदारानें साडेसतरा वेढ्यांची मोटर पुढें केली होती. परंतु आमचा नातू मागें कां राहावा, या आजोबापणाच्या तोऱ्यांत आम्हीं साडेतेरा वेढ्यांची घ्यावयास लावली. पहिल्याच शर्यतीच्या दुसऱ्या फेरींत गाडी वळणावर न वळतां कडेच्या फळीवर आदळली आणि पुढच्या चाकाचा दांडा मोडला. नातू रडला नाहीं. घरीं परततांना एवढेंच म्हणाला, “आजोबा, मला हळू जाणारीच हवी होती.” तें वाक्य आम्हांस अजून बोचतें.

त्याच दिवशीं एक गोष्ट मात्र फार चांगली दिसली. येथें अशी रीत आहे कीं, ज्याची शर्यत संपली त्यानें पुढल्या शर्यतीच्या वेळीं मैदानांत उभें राहून इतरांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करावयाच्या. हें काम चुकविणाऱ्यास दंड होतो. लहान मुलाऐवजीं वडील उभे राहिले तरी चालतें. पण नातू मोडकी गाडी टेबलावर ठेवून स्वतःच जाऊन उभा राहिला, आणि ज्यांनीं त्याला मागें टाकलें होतें त्यांच्याच गाड्या पांच मिनिटें उचलून देत होता.

दुसऱ्या आठवड्यांत त्यानें आपल्या हातानें मोटर बदलली. आम्हीं फक्त दिवा धरला. दोन दांतेरी चाकांमध्यें कागदाची पट्टी घालून तीं जुळवावीं आणि मग पट्टी काढून घ्यावी, म्हणजे दांत्यांत हवी तेवढीच फट राहते, हें त्यानेंच आम्हांस शिकविलें. उंचवट्यावरून गाडी उडाली कीं हवेंत चाप ओढल्यास तिचें नाक वर येतें व ब्रेक दिल्यास खालीं जातें, हेंहि त्याच्याकडूनच कळलें. चाकांच्या फिरण्याची ती उलट प्रतिक्रिया होय. कॉलेजांत शिकलेलें पदार्थविज्ञान आम्हांस असें नातवापाशीं पुन्हा भेटलें!

घरांतील बायकामाणसांनींहि लक्ष घालावें अशी बाब म्हणजे बॅटरी. ती लिथियमची असते व निष्काळजीपणा केल्यास पेट घेते. चार्ज करतांना ती अग्निरोधक पिशवींत ठेवावी आणि कोणी तरी जवळ जागें असावें. रात्रीं लावून झोपूं नये. दर घटाचा दाब ३.२ व्होल्टच्या खालीं उतरूं देऊं नये, आणि कांहीं दिवस वापरावयाची नसल्यास तो ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. फुगलेली बॅटरी कितीहि महाग असली तरी पुन्हा लावूं नये. आमच्या सूनबाईंनीं ती स्वयंपाकघरांत आणण्यास सक्त मनाई केली आहे, आणि तें रास्तच आहे.

आम्ही निघण्याच्या आदल्या रविवारीं नातवानें पांच मिनिटांची शर्यत गाडी एकदांहि न उलटतां पुरी केली. नऊ गाड्यांत सातवा आला. परवां त्याचा निरोप आला आहे: “आजोबा, आतां साडेतेरा लावूं का?” आम्हीं अद्याप उत्तर दिलेलें नाहीं.