दुसरी बोली मालकाला सांगावीच लागते

परभणीत प्लॉट विकायला काढलेल्या कोणाशीही बोला, एक वाक्य हमखास कानावर येतं: "एजंट दोन्हीकडून कमिशन घेतो, तो कोणाचाच नसतो. कोणती पार्टी मालकापुढे बसवायची, ते त्याच्या मर्जीवर." शिकलेली माणसंही हे मुकाट मान्य करतात आणि एजंट तर हक्काने सांगतात. हे धादांत चूक आहे, आणि या एका गैरसमजापायी लोकांचे लाखो रुपये जातात.

समजा, मालक नोकरीनिमित्त पुण्यात आहे. वसमत रोडवरचा प्लॉट त्याने ओळखीच्या एजंटाकडे सोपवलाय. एजंटाकडे दोन पार्ट्या येतात, एक २१ लाखांची, दुसरी २३ लाखांची. पहिल्या पार्टीने त्याला दलालीशिवाय वर काहीतरी कबूल केलेलं असतं. मग पुण्याला फोन जातो: "साहेब, मार्केट थंड आहे, २१च्या वर कोणी सरकत नाही. इसार घेऊन टाकू." मालक हो म्हणतो. दोन लाख गेले, आणि गेल्याचं त्याला कळलंही नाही. याला मर्जी म्हणत नाहीत. एजंटाने आपलं कायदेशीर कर्तव्य मोडलेलं असतं.

हे कर्तव्य काही नवीन नाही, १८७२च्या भारतीय करार कायद्यातच ते आहे. कलम २११ सांगतं की एजंटाने मालकाच्या सूचनेप्रमाणे काम करायचं. कलम २१२ म्हणतं की कौशल्य आणि तत्परता दाखवायची, आणि हलगर्जीपणामुळे थेट झालेलं नुकसान भरून द्यायचं. अडचण आली तर मालकाशी संपर्क साधून त्याचं म्हणणं घ्यायचं, हे कलम २१४ मध्ये. दोन बोली हातात असताना कोणती घ्यायची, हा निर्णय मालकाचा. जास्त रक्कम सोडून रोख तयारी असलेल्या पार्टीला, नाहीतर शेजाऱ्याला विकायचं असेल, तर तेही त्यानेच ठरवायचं. पण दुसरी बोली कळलीच नाही, तर तो ठरवणार कशावरून?

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: "पण टोकन झालं होतं ना! मग दुसऱ्याचं कशाला सांगायचं?" इंग्लंडमध्ये १९२७ साली केपेल विरुद्ध व्हीलर या खटल्यात हाच प्रश्न आला होता. मालकाने एक बोली तत्त्वतः मान्य केली होती, पक्का करार व्हायचा होता. मधल्या काळात जास्तीची बोली आली. आपलं काम संपलं असं समजून एजंटांनी ती मालकाला कळवलीच नाही. न्यायालयाने फरकाची भरपाई त्यांच्यावर बसवली. त्यांचा हेतू वाईट नव्हता म्हणून दलाली तेवढी मिळाली, पण कर्तव्य करार पक्का होईपर्यंत चालूच होतं. आपल्याकडेही पक्की इसारपावती झाल्यावर मालकाला सहज मागे फिरता येत नाही, खरेदीदार कोर्टात जाऊन खरेदीखत मागू शकतो. म्हणूनच त्याआधी आलेली प्रत्येक बोली मालकापर्यंत पोचायला हवी.

एजंटाने स्वतःच माल घेतला तर? आपल्याकडे प्लॉट स्वस्तात मेहुण्याच्या नावावर करून घ्यायचा आणि वर्षभराने विकायचा, हे फार हुशारीचं मानलं जातं. कायदा करणाऱ्यांना ही हुशारी दीडशे वर्षांपूर्वीच ठाऊक होती. कलम २१५ खालचं पहिलं उदाहरण अगदी हेच आहे: मालमत्ता विकायला सांगितलेला एजंट तिसऱ्याच्या नावाने ती स्वतः घेतो. त्याने महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा व्यवहार तोट्याचा झाला, हे दाखवता आलं तर मालक तो नाकारू शकतो. मालकाच्या नकळत एजंटाने व्यवहारात स्वतःचा हिशोब घुसवून काही मिळवलं, तर तो फायदाही मालक मागू शकतो, हे कलम २१६ मध्ये. आणि गैरवर्तन केलेल्या कामाची दलालीही मागता येत नाही, हे कलम २२० मध्ये. मालकाने आपणहून "मला १८ हातात दे, वरचे तुझे" असं कबूल केलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे काही लपवलेलं नसतं.

दोन्हीकडून दलाली घेणं परभणीत सर्रास चालतं. दोघांनाही ते माहीत असेल तर हरकत नाही. लपवलं की घोळ सुरू होतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. "टोकन दिलं, प्लॉट माझा": नाही, १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४नुसार नुसत्या विक्रीच्या कराराने मालकी येत नाही, नोंदणीकृत खरेदीखत लागतं. "दुसरी पार्टी जास्त देतेय, अशी थाप मारणं धंद्यात चालतं": चालत नाही, खोटी पार्टी उभी करून भाव चढवणं ही फसवणूक आहे आणि एजंटाच्या थापेचे परिणाम मालकालाही भोगावे लागू शकतात. "इसार रोखीतच द्यायचा असतो": जमीन-घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर २०१५पासून बंदी आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा. "रेरा पुण्या-मुंबईला, परभणीला नाही": रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता व्यवसायाचं नियमन करणारा कायदा, सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे. नोंदणीकृत प्रकल्पातले प्लॉट-फ्लॅट विकणाऱ्या एजंटाची स्वतःचीही नोंदणी हवी. महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२३मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. एखाद्याचा जुना, सुटा प्लॉट विकताना रेराची ही अट लागत नसेल, पण करार कायदा लागतोच.

म्हणून एजंटाला काम देतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहून पाठवा: "येणारी प्रत्येक बोली, पार्टीचं नाव आणि रक्कम, त्याच दिवशी मला लेखी कळवायची. माझ्या होकाराशिवाय इसार घ्यायचा नाही. समोरच्याकडून किती दलाली घेणार, तेही सांगायचं." आणि बैठकीला बसाल तेव्हा खरेदीदाराला स्वतः तोंडाने विचारा, एकूण किती देताय आणि एजंटाला किती.