दोषाचा शोध

‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ अशी एक म्हण मराठीत रूढ आहे. आग एकीकडे लागावी आणि पाणी भलतीकडेच मारावे, अशा वृथा धावपळीला उद्देशून ती योजतात. यंत्र बिघडले म्हणजे मनुष्य पुष्कळदा असाच वागतो. दोष कोठे आहे हे न पाहताच तो दुरुस्तीला लागतो. मग मूळ दोष तसाच राहतो आणि दोन नवे मात्र उत्पन्न होतात.

समजा, एका शाळेतील संगणकावर इंटरनेट चालेनासे झाले आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज पाठविण्याची मुदत त्याच सायंकाळी संपत आहे. घाबरून कोणी म्हणतो, “यातील सारे पुसून टाका आणि सगळी मांडणी नव्याने करा.” तसे केले तर विद्यार्थ्यांनी वर्षभर साठविलेले लेखन क्षणात नष्ट होईल. शिवाय दोष केवळ सैल झालेल्या तारेचा असेल, तर एवढी हानी सोसूनही अर्ज जाणार नाहीत ते नाहीतच!

या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे असे मानू. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या तरुणाने १९९१ साली तिचा गाभा प्रथम लोकांपुढे ठेवला. गाभा, म्हणजेच कर्नल, हा संगणकाचे सुटे भाग आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामधील कारभारी होय. चांगल्या कारभाऱ्याप्रमाणे तो घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवतो, आणि ती नोंद पाहण्याची सोयही असते. म्हणून येथे तर्क लढवीत बसण्याचे कारण नाही. क्रमाने विचारीत गेले म्हणजे पुरे.

पहिला प्रश्न डोळ्यांनीच सुटतो. तार दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे काय? ती जेथे जोडतात, तेथे बहुधा एक लहानसा दिवा असतो. तो लागत नसेल तर तार बदलून पाहावी. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तार आणि मांडणी दोन्ही एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कधीच कळणार नाही.

दिवा लागूनही काम होत नसेल, तर दुसरा प्रश्न असा : नेटवर्क कार्ड संगणकाला दिसते आहे काय? ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा देताच आतील जोडलेल्या भागांची यादी पडद्यावर येते. कार्ड यादीत असेल, तर त्याला चालविणारा ड्रायव्हर मिळाला आहे की नाही, हे पाहावे. ‘डीमेसग’ ही आज्ञा दिली असता कर्नलची नोंदवही उघडते. ड्रायव्हरला लागणारी एखादी फाइल सापडली नाही, तर तशी तक्रार तेथे बहुधा लिहिलेली आढळते.

तिसरा प्रश्न पत्त्याचा. पत्त्यावाचून टपाल पोहोचत नाही. तद्वतच आयपी पत्त्यावाचून संगणकाकडे माहिती येत नाही. हा पत्ता सामान्यतः राउटर देतो. ‘आयपी’ या आज्ञेने तो मिळाला आहे की नाही, ते कळते.

आता चौथा प्रश्न : वाट कोठे तुटली आहे? येथे ‘पिंग’ हा प्रोग्रॅम उपयोगी पडतो. तो दुसऱ्या संगणकाला हाक मारतो आणि ओ येण्यास किती वेळ लागला ते सांगतो. प्रथम १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे स्वतःलाच, हाक मारावी. नंतर राउटरला आणि मग दूरच्या एखाद्या संगणकाला. जेथून ओ येईनाशी होते, त्याच्या अलीकडे-पलीकडे दोष असण्याचा संभव अधिक. काही संगणक मात्र पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. म्हणून एकाच्या मौनावरून निकाल देऊ नये. अंकांच्या पत्त्यावर ओ येते, पण नावाने हाक मारता येत नाही, असे झाले तर वाट ठीक आहे. नावावरून अंक शोधून देणाऱ्या डीएनएस या व्यवस्थेतच बिघाड आहे, असे समजावे.

पिंगच्या जन्माची कथाही मनोरंजक आहे. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेतील माइक म्यूस यांच्या प्रयोगशाळेत नेटवर्क विचित्र वागू लागले. दोष शोधण्यासाठी त्यांनी एका रात्रीत हा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिले. गंमत अशी, की पहिली हाक मारण्यापूर्वीच तो मूळ बिघाड दुसऱ्यांनी दुरुस्त केला होता! तरीही ते श्रम वाया गेले नाहीत. त्या रात्रीचे साधन आज जगभर वापरले जाते.

निष्णात वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. यंत्राच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे. जवळचे आधी पाहावे, दूरचे नंतर. सोपे आधी, अवघड नंतर. आणि जे पाहिले ते वहीत टिपून ठेवावे. दोष सापडला म्हणजे दुरुस्ती पुष्कळदा क्षणाचे काम असते. सैल तार नीट बसली, दिवा लागला, की सायंकाळच्या आत अर्जही जातात आणि वर्षभराचे लेखनही सुरक्षित राहते.