चूक कोण दाखवणार?

लेखमाला : मुलांच्या कलाने – भाग ७

मागच्या भागात आपण वर्गाची मांडणी पाहिली. मुलाच्या हाताला येतील अशी बुटकी फडताळे, प्रत्येक साहित्याचा एकच संच, आणि कुठले काम घ्यायचे, किती वेळ करायचे हे ठरवण्याची मुलाला मोकळीक. असा वर्ग पहिल्यांदा पाहणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. बाई तर काही बोलतच नाहीत. मग मुलाचे चुकले तर त्याला कळणार कसे? प्रश्न रास्त आहे. मुलाला मोकळे सोडले आणि चूक कळण्याची काही सोयच ठेवली नाही, तर ते चुकीचेच घोटत बसेल. आजचा भाग त्या सोयीबद्दल.

आधी नेहमीच्या वर्गात काय होते ते पाहू. मूल वहीत दहा गणिते करते, वह्यांचा गठ्ठा बाईंकडे जातो आणि लाल खुणा होऊन दुसऱ्या दिवशी परत येतो. तोवर ती गणिते करताना डोक्यात काय चालले होते, हे मूल विसरून गेलेले असते. फुली बघून चुकले एवढे कळते. कुठे आणि का, ते कळत नाही. याहून मोठे नुकसान वेगळे आहे. बरोबर की चूक हे ठरवणे आपले कामच नव्हे, अशी मुलाची समजूत होऊन बसते. पाचवी-सहावीतली मुलेसुद्धा प्रत्येक पायरीला ‘बाई, बरोबर आहे का?’ म्हणून विचारत येतात, ते यामुळेच.

या प्रश्नाचे सर्वांत नेटके उत्तर मारिया माँटेसरी यांनी शोधले. त्या मूळच्या डॉक्टर. मतिमंद मुलांसोबत काम करताना त्यांनी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांची साधने अभ्यासली, त्यांत स्वतःची भर घातली. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर चाळीत हुंदडणारी मुले एका खोलीत जमवायची, एवढीच घरमालकांची अपेक्षा होती. पन्नासेक मुले आणि त्यांना सांभाळणारी, शिक्षणशास्त्र न शिकलेली एक बाई. ती प्रत्येक मुलाची चूक दाखवत फिरणार तरी कशी? माँटेसरींनी ते काम साहित्यावर सोपवले.

दट्ट्यांची पेटी घ्या. लाकडाच्या एका लांब ठोकळ्यात दहा खाचा, आणि त्यांत बसणारे मुठीचे दहा दट्टे. सगळ्यांची उंची एक, रंग एक, लाकूड एक. फरक फक्त जाडीचा. मूल दट्टे बाहेर काढते, मिसळते आणि परत बसवू लागते. बारीक दट्टा जाड खाचेत सहज जातो, त्यामुळे चूक लगेच कळत नाही. पण शेवटी हातात एक जाड दट्टा उरतो आणि समोर त्याला न घेणारी अरुंद खाच. आता कोणी काही बोलायची गरजच उरत नाही. मूल खाचा न्याहाळते, कुठला दट्टा डगडगतो आहे ते बघते, तो काढते, दुसरा लावून पाहते. दुसऱ्या एका पेटीत जाडी सारखी आणि उंची वेगळी असते. तिथे कुठलाही दट्टा कुठेही बसतो. मात्र चुकीच्या जागी गेलेला दट्टा एकतर वर डोकावतो नाहीतर आत बुडतो.

यातली खरी करामत फरक एकच ठेवण्यात आहे. दट्टे रंगानेही वेगळे असते, तर मुलाने रंग लक्षात ठेवून वेळ मारून नेली असती. फरक एकच असला की चूकही एकाच प्रकारची होऊ शकते, आणि तिचे कारण मुलाच्या नजरेच्या टप्प्यात राहते.

अंकांसाठी असेच एक साधन आहे, चात्यांची पेटी. शून्य ते नऊ अशी दहा खणे आणि एकूण ४५ लाकडी चात्या. एकच्या खणात एक, दोनच्या खणात दोन, अशा टाकत जायच्या. एक ते नऊची बेरीज ४५, म्हणून नऊचे खण भरले की हात रिकामा व्हायला हवा. मधे कुठे एक जास्त पडली तर नऊच्या खणाला एक कमी पडते; कमी पडली तर एक हातात उरते. गडबड झाली हे कळते, पण कुठे झाली ते कळत नाही. ते शोधायला मुलाला प्रत्येक खण पुन्हा मोजावे लागते. म्हणजे चूक दुरुस्त करता करता मोजण्याचा सराव दुप्पट होतो, आणि तोही कोणी लादलेला नसतो.

हे तत्त्व माँटेसरींनी साहित्यापुरते ठेवले नाही. मुलांच्या खुर्च्या हलक्या ठेवल्या; धसमुसळेपणाने चालले की त्या आवाज करत पडत. ताटल्या आणि पेले चिनी मातीचे व काचेचे दिले, कारण न फुटणारे भांडे आपल्या हाताचा अडाणीपणा लपवते.

पुढे पुढे मात्र साधन बोलणे कमी करते. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे एका सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे. ते चुकीच्या क्रमाने रचले तरी मनोरा उभा राहू शकतो. अडवायला खाच नाही. चूक फक्त डोळ्याला खुपते, आणि ती खुपायला डोळा आधी दट्ट्यांवर तयार झालेला असावा लागतो. या सगळ्या खटाटोपाचा उद्देश हाच. आधी लाकूड अडवते, मग डोळा टोकतो, आणि शेवटी आपले काम आपणच तपासून पाहायची सवय लागते.

पण साहित्याला सगळेच सांगता येत नाही. लाल रंगाला ‘लाल’ म्हणतात हे कुठलाही ठोकळा सांगणार नाही. नावे, अक्षरांचे उच्चार, अंकांची चिन्हे ही माणसांनी ठरवलेली आहेत, ती माणसानेच सांगायला हवीत. त्यासाठी सेगँ यांच्याकडून घेतलेला तीन पायऱ्यांचा पाठ आहे. पहिली पायरी, ‘हे लाल, हे निळे.’ दुसरी, ‘मला लाल दे.’ तिसरी, एक पट्टी समोर धरून ‘हे कोणते?’ दुसऱ्या पायरीवर मुलाने निळी पट्टी दिली तर बाईंनी काय करायचे? माँटेसरींचा सल्ला असा, की चुकले म्हणायचे नाही, पुन्हा पुन्हा विचारायचेही नाही. हसून साहित्य आवरायचे आणि पाठ दुसऱ्या दिवशी घ्यायचा. त्यांची कारणमीमांसा मोलाची आहे. मूल चुकले याचा अर्थ ते नाव पक्के व्हायला त्या क्षणी त्याचे मन तयार नव्हते. ‘नाही, चुकलास’ म्हटले की त्या पाठातून त्याच्या मनावर नेमका तो नकारच ठसतो, रंग राहतो बाजूला.

ही पद्धत आपल्याकडे रुजली तेव्हा तिची अडचणही दिसली. माँटेसरी साहित्य मोजून-मापून बनवावे लागते, म्हणून ते महाग असते. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. तिथे साहित्य म्हणून आले ते खडे, शिंपले, बिया, पाने.

आता बिया आणि खडे स्वतः काहीच सांगत नाहीत. दहा चिंचोके मोजायचे आणि मुलाने नऊच मोजले, तर चिंचोका गप्प असतो. इथे बाईंची कल्पकता लागते. जमिनीवर दहा घरे आखली आणि प्रत्येक घरात एक चिंचोका ठेवायला सांगितला, की रिकामे घर चूक दाखवते. खाऊ वाटायच्या वेळी तर काही आखावेही लागत नाही. बारा मुलांसाठी अकराच द्रोण आणले, तर बारावे मूल तोंड उघडल्याशिवाय राहत नाही! चूक दाखवायला महागडे लाकूडच हवे असे नाही. कामाची रचना अशी हवी, की चूक झाली तर ते काम पुरे होऊ नये.

दट्ट्यांच्या पेटीवर एक आक्षेप जुना आहे, आणि तो टाळून चालणार नाही. अमेरिकेतले विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्ये माँटेसरी पद्धतीची परखड चिकित्सा केली. जॉन ड्युई यांच्या लेखनातही तसाच सूर आहे. त्यांचे म्हणणे, ज्या साधनात बरोबर उत्तर एकच, त्यात मुलाला काम निवडायची मोकळीक असते, विचार करायची फारशी नसते. आक्षेपात तथ्य आहे. मोठ्या मुलांच्या प्रश्नांना एकच खाच नसते.

त्यांच्यासाठी चूक कळण्याची दुसरी वाट मध्य प्रदेशात शोधली गेली. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९८२ पासून ‘एकलव्य’ने तो पुढे नेला. मुले टोळ्यांनी प्रयोग करायची. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रयोग होते, प्रश्न होते, तयार उत्तरे नव्हती. टोळ्यांचे निष्कर्ष वर्गापुढे यायचे. ते जुळले नाहीत तर भांडायचे, पुन्हा मोजायचे, फरक का पडला ते शोधायचे. इथे चूक दाखवणारे दोघे, प्रयोग आणि शेजारची टोळी. परीक्षेतही पुस्तक उघडायला मुभा होती. टेल्कोतले अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन याच कार्यक्रमात आले आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी आकार बनवले. काड्यांचा चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण का, हे मग बोटांनाच कळते. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला.

आज बऱ्याच घरांत चूक दाखवायचे काम टॅबलेट करतो. चुकीच्या चित्राला बोट लावले की भोंगा वाजतो, बरोबरला टाळ्या. ही सोय दट्ट्याच्या जातीची नाही. भोंगा फक्त निकाल देतो, कारण दाखवत नाही; चार चित्रांना बोट लावून झाले की पाचव्या क्षणी टाळ्या मिळतातच. लाल पेनाचेच हे वेगवान रूप आहे.

मग बाईंना काम काय उरले? भरपूर. चाळीस मुलांच्या चुका शोधण्यात त्यांचा दिवस जात नाही, म्हणून ज्या दोघा-तिघांना खरोखर माणूस हवा असतो, त्यांच्याजवळ त्या बसू शकतात. एखादे मूल तीच चूक रोज करते आहे का, हे पाहून टिपून ठेवू शकतात. मुलाने पुन्हा करून पाहिले आणि तरी अडले, तरच हात घालायचा, हा संयम मात्र प्रशिक्षणाने आणि सरावानेच येतो.

पालकांनी आणि शिक्षकांनी या आठवड्यात एवढे करून पाहावे. मुलाचे काही चुकताना दिसले तर बोलण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा, ही चूक त्याची त्याला कळेल का? कळणार असेल तर गप्प बसावे. कळणार नसेल तर मुलाला बोल न लावता काम वेगळ्या रीतीने मांडून द्यावे.

पुढच्या भागात : तीन ते सहा वयाची मुले एकाच वर्गात का बसवतात?