भीमेच्या खोऱ्यातील लेणी आणि लोकदैवते

कार्ल्याची लेणी पाहावयास जाणाऱ्या उपासकांना एक प्रश्न हमखास पडतो. चैत्यगृहाच्या प्रवेशद्वारालगतच एकवीरा देवीचे मंदिर आहे. चैत्रात तेथे कोकणकिनाऱ्यावरील कोळी समाजाची मोठी यात्रा भरते, पालखी निघते, नवस फेडले जातात. मग ही जागा मुळात कोणाची? कोणी म्हणतात, लेण्यावर देवीचे आक्रमण झाले. कोणी म्हणतात, देवीच्या डोंगरावर भिक्खू आले. एकच उत्तर सर्व स्थळांना लावणे मात्र इतिहासास मानवत नाही. प्रस्तुत लेखात भीमेच्या खोऱ्यातील तीन स्थळांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. कार्ल्याच्या परिसरातील पाणी इंद्रायणीतून आणि जुन्नरचे पाणी कुकडी व घोड या नद्यांतून भीमेस मिळते. तीच भीमा पुढे सोलापूर जिल्ह्यातून कर्नाटकात उतरते आणि सन्नती गावाजवळून वाहते.

प्रथम पाली साहित्याची साक्ष पाहू. ‘चेतिय’ हा शब्द केवळ स्तूपाचा वाचक नाही. वैशालीचे उदेन, गोतमक, चापाल इत्यादी चेतिय ही बुद्धपूर्व लोकश्रद्धेची स्थाने होती. तथागतांनी त्यांच्या रमणीयतेची प्रशंसा केली आणि चापाल चेतियाच्या ठिकाणीच आयुसंस्काराचा त्याग केला. आपल्या चेतियांचा मान राखणे हे वज्जींच्या अभ्युदयाच्या सात कारणांपैकी एक, असे महापरिनिब्बानसुत्तात सांगितले आहे. दुसऱ्या बाजूस, भयाने व्याकूळ होऊन पर्वत, वने व वृक्षचेतिय यांना शरण जाणे हे सुरक्षित शरण नव्हे, असे धम्मपदाच्या बुद्धवग्गात स्पष्ट म्हटले आहे. स्थानाविषयी आदर आणि शरणाविषयी विवेक, अशी ही दुहेरी भूमिका आहे.

पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र दामोदर कोसंबी यांनी पुणे परिसरातील डोंगर पायी हिंडून मातृदेवतांच्या ठाण्यांचा अभ्यास केला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात त्यांनी असे मत मांडले, की गुराख्यांच्या व व्यापाऱ्यांच्या वाटा जेथे मिळत, तेथे मातृदेवतांची ठाणी असत आणि लेण्यांसाठी अशाच वाटांजवळील जागा निवडल्या गेल्या. कार्ले बोरघाटाच्या मार्गावर आहे. तेथील दानलेखांत या स्थानाचे ‘वलूरक’ हे नाव आढळते. धेनुकाकट येथील दात्यांची, स्वतःस यवन म्हणविणाऱ्यांचीही, दाने नोंदलेली आहेत. वर्षावासातील भिक्खूंच्या निर्वाहासाठी उषवदाताने एक गाव दिल्याचाही उल्लेख आहे. परंतु या लेखांत एकवीरेचे नाव नाही. म्हणून कार्ल्यापुरते कोसंबींचे मत समर्थ असले, तरी ते अनुमान आहे, हे विसरता कामा नये.

जुन्नरचा परिसर अधिक बोलका आहे. मानमोडीच्या डोंगरातील लेण्यांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा, वर्ष ४६ चा लेख आहे. जवळच्या लेण्याद्रीवर एका विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे. येथे अनुक्रम निःसंदिग्ध आहे: विहार आधी, देवता नंतर. याच सह्याद्रीत राहणारे महादेव कोळी आदिवासी, जे किनाऱ्यावरील कोळ्यांहून वेगळे, आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस पाळतात. शेंदूर लावलेला पाषाण किंवा वाघाची कोरीव प्रतिमा हाच वाघोबा. गुरे व गुराखी यांच्या रक्षणासाठी रानात त्याला नैवेद्य दाखविला जातो. अशा ठाण्याला ना शिखर असते, ना शिलालेख. त्यामुळे त्याचे वय सांगणे कठीण. ते जुने असू शकेल. पण आजचा सण पाहून दोन हजार वर्षांचे अनुमान सिद्ध होत नाही.

सन्नती येथील पुरावा मात्र प्रत्यक्ष पाषाणाचा आहे. १९८६ मध्ये चंद्रलांबा मंदिराच्या आवारातील कालीमंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीच्या पीठाची शिळा उघडी पडली. तिच्या दोन्ही बाजूंवर अशोकाचे लेख होते. मूर्ती बसविण्यासाठी शिळेत खाच पाडल्यामुळे काही अक्षरे कायमची गेली. विशेष हे, की या शिळेवर बारावा शिलालेखही आहे, ज्यात सर्व संप्रदायांचा सन्मान करण्याचा आणि परनिंदा टाळण्याचा उपदेश आहे. तो उपदेश कित्येक शतके देवीच्या पायाखाली झाकलेला होता. पुढे जवळच्या कनगनहळ्ळी येथील उत्खननात स्तूपाचे अवशेष आणि ‘राया असोको’ असा नामलेख असलेले अशोकाचे शिल्प मिळाले.

तीन स्थळे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात: कार्ल्यास अनुमान, लेण्याद्रीस स्थानाचे रूपांतर, सन्नतीस पाषाणाचा पुनर्वापर. जेथे अतिक्रमणाचा पुरावा आहे तेथे तो निर्भीडपणे मांडावा. जेथे नाही तेथे यात्रेकरूस उपरा ठरवू नये. त्याच्या पूर्वजांनी कदाचित त्या भिक्खूंना भिक्षाही घातली असेल. लेण्याचे रक्षण हे यात्रेकरू आणि उपासक या दोघांचेही कर्तव्य आहे. बाराव्या शिलालेखाचा आशय आज आपल्याकडून नेमकी हीच अपेक्षा करतो.