दोन डिस्कपैकी एक गेली, हे आपल्याला कधी कळते?

मंडळाच्या जुन्या स्मरणिका, गणेशोत्सवाचे फोटो, नाटकांच्या कॅसेटवरून उतरवलेले आवाज हे सगळे आता एका लहानशा सर्व्हरवर आहे आणि तो सर्व्हर खजरान्यातल्या एका खोलीत चालतो, हे बहुतेक सभासदांना माहीत आहे. त्यात दोन डिस्क आहेत आणि दोन्हींवर तोच मजकूर आहे, म्हणून काळजी नाही, असे आपल्याकडे सगळे म्हणतात. ही ‘काळजी नाही’ नेमकी किती खरी आणि ती खरी राहावी म्हणून काय करावे लागते, ते इथे सांगतो. समाजातल्या अनेकांच्या दुकानांत, दवाखान्यांत, सीएच्या ऑफिसांत अशीच व्यवस्था आहे, त्यांनाही हे उपयोगी पडेल.

या व्यवस्थेचे नाव रेड. 1988 साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका निबंधात ती मांडली. एक महागडी मोठी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात आणि एखादी बिघडली तरी काम चालू राहावे, ही मूळ कल्पना. आपल्याकडे आहे तो त्यातला सर्वांत साधा प्रकार, म्हणजे आरसा. जे एका डिस्कवर लिहिले जाते, तेच दुसरीवर. यासाठी वेगळे कार्ड लागत नाही, लिनक्स स्वतःच ते सांभाळते आणि त्याच्या देखरेखीच्या प्रोग्रॅमचे नाव एमडीअ‍ॅडम.

गोम अशी की रेडचे काम चोख झाले तर बिघाड दिसतच नाही. एक डिस्क मेली तरी फोटो उघडतात, फाईली उतरतात, कुणी तक्रार करत नाही. त्या दिवसापासून आपल्याकडे एकच डिस्क असते आणि आपण मात्र दोन आहेत असे समजून निर्धास्त असतो. पुढे ती दुसरीही जाते आणि लोक म्हणतात, ‘एकाच दिवशी दोन्ही कशा गेल्या?’ एकाच दिवशी जातातच असे नाही. पुष्कळदा पहिली कधीच गेलेली असते, तिच्याकडे कुणी पाहिलेले नसते.

पाहायचे कुठे? लिनक्सच्या ‘प्रॉक’ फोल्डरात ‘एमडीस्टॅट’ नावाची फाईल असते. तिच्यात प्रत्येक जोडीसमोर चौकोनी कंसात दोन ‘यू’ दिसले की दोन्ही डिस्क कामावर आहेत. एका ‘यू’च्या जागी खाली आडवी रेघ दिसली की ती डिस्क बाहेर पडली. सहा महिन्यांच्या कोर्सची गरज नाही, पोराटोरांनाही वाचता येईल अशी खूण आहे ही.

पण रोज उठून ती फाईल कोण उघडणार? म्हणून एमडीअ‍ॅडमला पहाऱ्यावर बसवता येते. डिस्क बाद झाली किंवा जोडी अपुरी सापडली की तो ई-मेल पाठवतो. पत्ता त्याच्या सेटिंगच्या फाईलमध्ये लिहायचा असतो. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. सुरुवातीला तिथे ‘रूट’ असे लिहिलेले असते, म्हणजे मेल त्याच सर्व्हरच्या पोटातल्या पेटीत जाऊन पडतो. ती पेटी कुणी उघडत नाही. पत्ता बाहेरचा हवा, त्या यंत्रातून बाहेर मेल जाण्याची सोय हवी आणि मेल खरोखर पोहोचतो का हे तपासायला हवे. मॉनिटर, स्कॅन, वनशॉट आणि टेस्ट हे चार पर्याय एकत्र देऊन एमडीअ‍ॅडम चालवला की प्रत्येक जोडीमागे एक चाचणीचा मेल येतो. तो हातात पडल्याशिवाय पहारा बसला असे आम्ही मानत नाही. शिवाय मेल येत नाही याचे दोन अर्थ होतात, एक तर सगळे ठीक आहे किंवा पहारेकरीच झोपला आहे. म्हणून दर सोमवारी ‘हजर’ असा एक छोटा मेल सर्व्हरकडून येईल असे ठेवले आहे. तो दोन वेगवेगळ्या घरांतल्या माणसांना जातो, कारण एकजण लग्नाला नाशिकला गेलेला असू शकतो.

डिस्क पूर्ण मरण्याआधी काही खुणा देते, त्या ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदीत असतात. डिस्क खराब जागा बाजूला टाकून राखीव जागा वापरू लागली की पाचव्या क्रमांकाचा आकडा वाढतो. वाचता न आलेल्या, निकाल लागायच्या जागा 197 वर. हे दोन शून्यावरून हलले आणि वाढतच राहिले, तर नवी डिस्क आणायला निघावे. 199 वाढला तर मात्र आधी केबल बदलून पाहावी, दोष बहुधा वायरीत असतो. बदलल्यावर तो आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो, तेव्हा घाबरू नये. पण स्मार्टवर सगळी भिस्त ठेवू नये. गूगलने 2007 साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्या डिस्कपैकी 56 टक्क्यांहून अधिक डिस्कवर सर्वांत बोलक्या चार खुणांपैकी एकही नव्हती.

आता सर्वांत नाजूक वेळ, डिस्क बदलण्याची. नवी डिस्क घातली की उरलेली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. 4 टीबीची डिस्क सेकंदाला 150 एमबी वेगाने वाचायची म्हटले तरी सात तासांहून अधिक वेळ लागतो. वर्षानुवर्षे कुणी न उघडलेल्या 1990 च्या स्मरणिकेखाली एखादी जागा सडलेली असेल, तर ती नेमकी याच वेळी उघडी पडते आणि तेव्हा दुसरी प्रत उरलेली नसते. यावर उपाय म्हणजे महिन्यातून एकदा दोन्ही डिस्क पूर्ण वाचून ताडून पाहणे. डेबियन आणि उबुंटूवर हे सहसा महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर आपोआप होते. त्या रात्री सर्व्हर मंद वाटला तर तो बंद करू नये. वाचता न आलेली जागा सापडली तर दुसऱ्या डिस्कवरून घेऊन ती तिथल्या तिथे पुन्हा लिहिली जाते.

आणखी एक बारीकशी पण महागात पडणारी गोष्ट. लिनक्स डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे देते आणि यंत्र पुन्हा चालू केल्यावर ती अदलाबदल होऊ शकतात. घाईत चांगली डिस्क उपसली गेली तर सगळेच संपले. म्हणून प्रत्येक डिस्कच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटपट्टीवर लिहून बाहेरून दिसतील असे लावावेत आणि उपसण्याआधी स्क्रीनवरच्या नंबराशी जुळवावेत. शक्य असेल तर दोन डिस्क एकाच खोक्यातल्या, एकाच बॅचच्या घेऊ नयेत. एकत्र जन्मलेल्या, एकत्र राबलेल्या डिस्क पुष्कळदा मागोमाग जातात.

इंदुरात लाईट जाण्याचे म्हणाल, तर ‘बिटमॅप’ नावाची सोय चालू ठेवावी. कुठल्या भागात लिहिणे चालू होते याची नोंद राहते, त्यामुळे वीज परत आल्यावर पूर्ण डिस्क न ताडता तेवढाच भाग ताडला जातो. तरी यूपीएस हवाच.

हे सगळे केले तरी रेड म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो, आरसाच तो. आग, चोरी, व्हायरस यांपुढेही दोन डिस्क म्हणजे एकच. खजराना गणपतीच्या मागच्या भिंतीवर उलटे स्वस्तिक काढून नवस बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आम्हीही आहोत, पण तिसरी प्रत दुसऱ्या घरात असावी असेच बाप्पाही सांगेल. आपली तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे आणि ती दर महिन्याला ताजी करून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली जाते.

ज्यांच्या ऑफिसात असा सर्व्हर आहे आणि तो बसवून देणारा माणूस आता फोन उचलत नाही, त्यांनी एमडीस्टॅट फाईलचा आणि स्मार्टच्या नोंदीचा मोबाईलवर फोटो काढून रविवारी संध्याकाळी मंडळात यावे. पाच मिनिटांत पाहून होते. रेघ दिसत असेल तर रविवारची वाट पाहू नये आणि सर्व्हरला हात लावण्याआधी महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत बाहेर काढून ठेवावी.