घर विकताय? मोजणीआधी ही तयारी करा

नाणेघाटाजवळचं घाटघर, तालुका जुन्नर. अशा गावातलं घर विकायला काढलं की खरेदीदार म्हणतो, "आधी मोजणी करा." मग तयारी काय करायची?

📄 कागद: ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देतात. तुमची निघाली का, बघा. नाव अजून वडिलांचंच असेल तर आधी वारस नोंद करा.

📏 हद्द: भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. झुडपं काढून हद्दीचे जुने दगड मोकळे करा. शेजाऱ्यांना नोटीस जाते; तरी स्वतः जाऊन सांगा.

🏠 घर: घाटमाथ्याच्या पावसात भिंतींना ओल येतेच. ती रंगाखाली लपवू नका. फुटकी कौलं बदला, पागोळीचं पाणी भिंतीपासून दूर काढा.

⚠️ सर्वांत महत्त्वाचं: जुन्नरचा पश्चिम भाग आदिवासीबहुल आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. घराखालच्या जागेला हे लागू आहे का, ते तहसील कार्यालयात विचारूनच इसार घ्या.