बोल एकाचे, तोंड दुसऱ्याचे

काही वर्षांपूर्वी एका गावच्या सभेत आम्ही विचारस्वातंत्र्यावर बोलत होतो. भाषण रंगात आले आणि आम्ही व्हॉल्टेअरचे ते सुप्रसिद्ध वाक्य ठोकून दिले. समोरच्याचे मत पटत नसले तरी ते मांडण्याच्या त्याच्या हक्कासाठी आपण प्राणही देऊ, असे सांगणारे ते वाक्य. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर एक निवृत्त शिक्षक जवळ आले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, “साहेब, हे व्हॉल्टेअरच्या कोणत्या ग्रंथात आहे? मला वाचायचे आहे.” आम्ही काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. पण घरी येऊन शोध सुरू केला, तेव्हा कळले की ते व्हॉल्टेअरच्या कोणत्याच ग्रंथात नाही.

व्हॉल्टेअर 1778 मध्ये वारला. हे वाक्य प्रथम छापले गेले ते 1906 मध्ये, इव्हलिन बिएट्रिस हॉल नावाच्या एका इंग्रज बाईंच्या पुस्तकात. बाई ‘एस. जी. टॅलंटायर’ या टोपणनावाने लिहीत असत. हेल्व्हेशियस या तत्त्वज्ञाचा ग्रंथ 1759 मध्ये पॅरिसमध्ये जाळण्यात आला. व्हॉल्टेअरला तो ग्रंथ फारसा आवडला नव्हता. तरीही तो जाळणे त्याला रुचले नाही. त्याची ही वृत्ती सांगताना बाईंनी त्याच्या मनातला भाव आपल्या शब्दांत, पण प्रथमपुरुषी आणि अवतरणचिन्हांत मांडला. वाचकांनी चिन्हांवर विश्वास ठेवला. हे शब्द आपले आहेत असे बाईंनी पुढे स्वतःच सांगितले, परंतु तोवर वाक्य जगभर फिरून आले होते.

त्या शिक्षकांचे आम्ही ऋणी आहोत, कारण त्या दिवसापासून गाजलेल्या वाक्यांकडे पाहण्याची आमची दृष्टीच बदलली. वाक्य खोटे की खरे, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. मूळ वाक्य बदलते तेव्हा ते कोणत्या दिशेने बदलते, हे पाहण्यात खरी गंमत आहे.

आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. ‘गड आला पण सिंह गेला’ हे उद्गार शिवाजीमहाराजांनी तानाजी मालुसऱ्यांच्या मृत्यूनंतर काढले आणि तेव्हापासून कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. तानाजी पडले ते 4 फेब्रुवारी 1670 रोजी. पण सिंहगड हे नाव त्याच्या आधीच्या, 1663 च्या पत्रातही सापडते. म्हणजे सिंह जाण्यापूर्वीच गडाला सिंहाचे नाव होते! मग महाराज म्हणाले तरी काय? सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली गेली. तिच्यात या प्रसंगी महाराजांच्या तोंडी जे वाक्य आहे त्यात सिंह नाहीच. एक गड हाती आला, पण एक गड गेला, असा त्याचा आशय आहे.

क्षणभर थांबून पाहा. तानाजी हा स्वतःच एक गड होता, असे म्हणणारा राजा त्यात दिसतो. ज्याचे सारे राज्य गडांवर उभे होते, त्याने आपल्या सोबत्याला गडाचे मोल द्यावे, हे आम्हांस तरी सिंहाच्या उपमेहून अधिक हृदयस्पर्शी वाटते. पण लोकांना सिंह हवा होता. गडाचे नावही सिंहगड, तेव्हा त्या नावाची कथाही आपोआप जमून गेली. हरि नारायण आपट्यांनी आपल्या कादंबरीला हेच वाक्य नाव म्हणून दिले, आणि ते मराठी माणसाच्या जिभेवर कायमचे बसले. आज निवडणुकीत पक्ष जिंकला आणि पुढारी पडला, की दुसऱ्या दिवशीच्या पत्रात हा मथळा हमखास दिसतो. कुठे उलटे घडले, तर ‘सिंह आला पण गड गेला’ असेही म्हणून होते. ते वाचून कोणी रागावत नाही. मूळ प्रसंग सर्वांना ठाऊक असल्यामुळे विनोदालाही बळ येते.

याच्या अगदी उलट प्रकार झाशीच्या राणीचा. तिचे वाक्य खरे, मात्र प्रसंग बदललेला. ‘माझी झाशी देणार नाही’ असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? घोडा, पाठीशी बांधलेले मूल, उपसलेली तलवार, 1857 चा धूर. आता जॉन लँग या वकिलाने काय लिहून ठेवले आहे ते ऐका. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या या गृहस्थाला राणीने 1854 मध्ये सल्ल्यासाठी झाशीला बोलावले होते. दत्तक नामंजूर होऊन संस्थान खालसा झाले होते. राणी पडद्याआड बसली होती आणि बोलणे चालले होते ते अर्जाचे, दाद मागण्याचे, तनख्याचे. तूर्त तनखा घ्यावा आणि तक्रार चालू ठेवावी, अशा धर्तीचा सल्ला लँगने दिला. त्यावर पडद्यामागून ते हिंदुस्थानी शब्द आले. लँगने ते रोमन लिपीत जसे ऐकले तसे आपल्या 1859 च्या पुस्तकात छापले. त्यातले व्याकरण आजच्या पाठ्यपुस्तकातल्या हिंदीसारखे नेटके नाही. तांब्यांच्या घरात वाढलेल्या त्या मराठी बाईचे हिंदुस्थानी तसे असेल, किंवा ऐकणाऱ्या साहेबाचा कान तसा असेल.

रणांगणावरची गर्जना म्हणून आपण जे वाक्य जपतो, ते मुळात वकिलाला दिलेले उत्तर होते. यात राणीचे तेज कमी होते काय? आम्हांला तर ते वाढलेले दिसते. सैन्य नाही, अधिकार गेलेला, समोर बसलेला माणूस व्यवहाराचे चार शब्द सांगतो आहे, आणि तरीही नकार. घोड्यावर बसून हे म्हणणे त्या मानाने सोपे.

आता बदल कसे घडतात ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे वजन कमी होते. 13 मे 1940 रोजी चर्चिलने पंतप्रधान म्हणून पार्लमेंटात पहिले भाषण केले. त्यात देण्यासारख्या चार गोष्टी त्याने मोजल्या : रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम, याच क्रमाने. लोकांनी ठेवल्या तीन. रक्त, घाम आणि अश्रू. चारातून नेमके कष्टच गळावेत, हा मनुष्यस्वभाव! आणखी गंमत अशी, की त्याच्या भाषणांचा संग्रह 1941 मध्ये अमेरिकेत निघाला तेव्हा त्या पुस्तकाचे नावही लोकांच्याच तीन शब्दांचे ठेवण्यात आले.

दुसरी गोष्ट, दोन तुकडे जोडले जातात. 1975 च्या ‘शोले’ची नक्कल गावोगाव झाली. नक्कल करणारा गब्बर आधी सांबाला हाक मारतो आणि मग माणसे किती होती ते विचारतो. चित्रपटात तो सांबाला असे विचारतच नाही. माणसांचा प्रश्न आहे हात हलवीत परतलेल्या साथीदारांना. खडकावर बसलेल्या सांबाला तो विचारतो ते सरकारने आपल्यावर लावलेल्या इनामाबद्दल. पण हाक रुबाबदार आणि प्रश्न सुटसुटीत. लोकांनी दोघांचे लग्न लावून दिले.

तिसरी गोष्ट सोवळेपणाची. भल्या माणसाला अंगावरचे शेवटचे वस्त्रही देऊ, अशा अर्थाचा तुकोबांचा एक चरण सर्वांना पाठ असतो. त्यात आपण ‘कासेची’ म्हणतो. तुकोबांचा शब्द निराळा आहे. तो शरीराच्या त्या भागाचे सरळ गावरान नाव आहे. शाळेने तो झाकला, आणि मग लोकही झाकलेलाच म्हणू लागले. वर्गात सज्जनपणा राखण्यापुरते हे ठीक. पण अभंगातला ठसका त्या शब्दातच होता, हे मोठेपणी तरी सांगायला हवे की नाही?

विडंबनाचे मात्र असे नाही. टिळकांनी 6 जुलै 1897 च्या केसरीत सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, असा सवाल मथळ्यातच टाकला. प्लेग, रँडचा खून आणि पुण्यावरची दडपशाही यांच्या पार्श्वभूमीवर तो प्रश्न जळता निखारा होता. त्यातला ‘सरकार’ काढून आपण नगरपालिका घातली, क्रिकेटचा पंच घातला, जावईबापूंनाही सोडले नाही. ‘झेंडूची फुले’ लिहिणाऱ्या अत्र्यांच्या मराठीला हा खेळ नवा नाही. विडंबन करणारा आपली थट्टा दुसऱ्याच्या नावावर खपवीत नाही, म्हणून त्याच्याविषयी आमची तक्रारही नाही.

तक्रार आहे ती बनावट सहीची. कोणतेही वाक्य पोरके सापडले की ते नामांकित माणसाच्या दारात नेऊन ठेवायचे, ही जुनीच खोड. इंग्रजीत अशी अनाथ वाक्ये इतकी चर्चिलकडे वाहत जातात, की नायजेल रीस या अवतरणांच्या अभ्यासकाने त्या प्रवाहाला चर्चिलचेच नाव दिले. आपल्याकडे हा भार गांधीजी वाहतात. जगात जो बदल हवा तो आधी आपणच व्हावे, हे इंग्रजी वाक्य त्यांच्या चित्राखाली शाळेत, बँकेत, दवाखान्यात लटकलेले असते. त्यांच्या लेखनात ते या रूपात सापडत नाही. सर्वांत जवळचा मजकूर आहे तो 1913 च्या ‘इंडियन ओपिनियन’मधला : आपण आपल्याला बदलू शकलो तर जगाचीही आपल्याशी वागण्याची रीत बदलेल, असा त्याचा भाव. फरक बारीक दिसतो. पण भिंतीवरचे वाक्य ऐकणाऱ्याला फक्त चांगले वागायला सांगते आणि घरी पाठवते. ज्याने दक्षिण आफ्रिकेत हजारोंना संघटित करून तुरुंगाच्या वाटेवर नेले, त्याच्या चित्राखाली ते लागावे, हे आम्हांस खटकते.

आणि तो 1913 चा मजकूर ज्या लेखात आला आहे, तो आरोग्यावरच्या लेखमालेतला; त्या लेखाचा विषय होता साप चावल्यावर काय करावे. त्या निवृत्त शिक्षकांना आम्ही हे पत्राने कळवले. त्यांचे उलट कार्ड आले. साप चावल्यावर काय करावे असे गांधीजींनी लिहिले आहे, तेही कळवावे.